लोकगीताचा श्रोता आणि छापील परीक्षण



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार कायद्यावर नाही तर बोनसवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे यंत्रमाग कामगारांत काढलेला माणूस दुसरे काय बोलणार! मी त्यांना म्हटले, मला लावणी-पोवाड्यावर बोलू द्या. त्यातही गाण्यावर नव्हे, तर गाण्यावर जे छापले जाते त्यावर. शास्त्रीय गाण्याची मैफल झाली की वर्तमानपत्रात तिचे परीक्षण येते. ते वाचून त्या गाण्याच्या श्रोत्याला काही लाभ होतो, हे मी मान्य करतो. राग कोणता होता, बंदिश कोणाची होती, घराणे कोणते, हे त्याला कळते. परंतु फडापुढे मातीत बसून तमाशा पाहणारा, गोंधळात रात्र जागवणारा, जात्यावरच्या ओव्या ऐकत मोठा झालेला जो श्रोता, त्याला अशा परीक्षणाचा कधी उपयोग झाला आहे काय? मी संगीतातला जाणकार नाही. दहावीनंतरचे माझे शिक्षण मागावर आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. तरी हा प्रश्न मी जाणकारांवर सोपवीत नाही, याला एक घरगुती कारण आहे.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. आमचे गाव वाळवे तालुक्यातले, म्हणजे पठ्ठे बापूरावांच्या आणि अण्णाभाऊ साठ्यांच्या मुलखातले. पगार झाला की आबा लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाला जात आणि सुटीत गावी आले की ऐकलेले सगळे आम्हाला म्हणून दाखवीत. आवाज बेताचा, पण ठेका पक्का. तांब्यावर ढोलकी वाजे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले पुष्कळ परत आत गेलेच नाहीत, आबा त्यांपैकी एक. ते गावी आले, आणि गाणे तेवढे बरोबर आले. पुढे मी सतरा वर्षांचा असताना एका नियतकालिकात तमाशावरचा एक लेख वाचला. या गाण्यात सूर नाही, अभिरुची नाही, सुशिक्षित माणसाने कान द्यावा असे काही नाही, असा त्याचा रोख. मला वाचनाचा नवा माज होता. तो लेख मी आबांना मोठ्याने वाचून दाखवला. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, “लिहिणाऱ्यानं कुठं बसून ऐकलं रं? पुढं का मागं?” मी हसलो. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी तांब्या वाजवला नाही.

आबांचा प्रश्न वेडगळ नव्हता, हे कळायला मला फार वर्षे लागली.

लोकगीताला परीक्षक नव्हता, तो इंग्रजी शिक्षणाबरोबर आला, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. परीक्षक पूर्वीपासून होता. तो समोरच बसलेला असे. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी. त्यात शाहिराला मिळालेल्या घोड्याचा आणि सोन्याच्या तोड्याचा उल्लेख आहे. म्हणजे गाण्याबरोबर त्याची पावतीही गाण्यातच नोंदली गेली. पुढे कलगी आणि तुरा असे दोन पक्ष झाले. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. एकाने भेदिक लावणीतून कूट घालायचे, दुसऱ्याने गाण्यातच ते सोडवायचे. उत्तर आले नाही तर हरलेल्याचा डफ काढून घेण्याची रीत सांगतात. रात्रभर चाललेल्या या झगड्यात समोरचा शेतकरी, तेली, कोष्टी नुसता माना डोलावीत नसे. पुराणातले दाखले त्यालाही ठाऊक असत आणि शाहीर कोठे अडखळला हे तो सकाळी पारावर सांगे.

जत्रेतल्या तमाशाची गोष्ट याहून रोकडी आहे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावी फडमालकांच्या राहुट्या पडतात. चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी गावोगावचे पंच तेथे येऊन सुपारी ठरवतात. या पंचांच्या खिशात परीक्षणाचे कात्रण नसते. गेल्या साली शेजारच्या गावात हा फड कसा रंगला, वग अर्ध्यावर गुंडाळला की पुरता केला, सोंगाड्या नवा आहे की जुनाच, एवढी बातमी त्यांना पुरते. ती बातमी चुकीची निघाली तर पंचांना गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. छापून परीक्षण लिहिणाऱ्यावर अशी जबाबदारी कधी पडली आहे? रात्री वग झाला की सकाळी हजेऱ्या होतात. तेथे लोक आपल्या पसंतीच्या लावण्या मागून घेतात. रात्रीच्या कामात काय कमी पडले, ते सकाळच्या मागणीवरून फडाला उमगते.

आता समोर बसलेल्या श्रोत्याच्या डोक्यावरून बोलणारा परीक्षक पाहू. त्याची एक आख्यायिका आपणा सर्वांना ठाऊक आहे. सोलापूरचा राम जोशी, वेदशास्त्री घराण्यातला, तमाशात रमला. त्याची कविता बारामतीच्या मोरोपंतांच्या कानी गेली. पंतांनी तिची थोरवी ओळखली आणि ही वाणी फडापुढे न वेचता हरिकीर्तनात वेचावी, असा त्याला बोध केला. तेव्हा राम जोशाने डफ फोडला आणि कीर्तनाला उभा राहिला, असे सांगतात. मोरोपंतांच्या आर्या ज्या लोकांपर्यंत पोहोचल्या, त्याचे मोठे श्रेय राम जोशाच्या कीर्तनांना दिले जाते. मी ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मला तिच्यात केवळ गुणग्राहकता दिसली. आज मी फडापुढच्या माणसाच्या जागी बसून ती ऐकतो. कवीची थोरवी ज्याने आधी ओळखली तो श्रोता मातीत बसला होता. त्याने बिदागी देऊन, पुन्हापुन्हा बोलावून राम जोशी घडवला होता. मग एका थोर पंडिताने स्तुती केली, आणि त्या स्तुतीपायी या श्रोत्याचा शाहीर उठून गेला. कीर्तनाच्या श्रोत्याचा लाभ झाला, यात शंका नाही. पण ज्याचे नुकसान झाले त्याला कोणी विचारल्याचे आख्यायिकेत नाही. निंदेने होणारे नुकसान चटकन दिसते. स्तुतीने झालेले दिसत नाही, म्हणून एवढा वेळ येथे थांबलो.

छापखाना आल्यावर मात्र प्रकार बदलला, आणि येथे मला माझ्याच पक्षाविरुद्ध साक्ष द्यावी लागते. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ हा इंग्रज मुलकी अधिकारी, मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. त्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडचे पोवाडे गोळा केले आणि १८९१ साली इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे छापून काढले. तीनच वर्षांनी, १८९४ मध्ये, त्यातल्या काहींची इंग्रजी पद्यात भाषांतरे करून विलायतेत पुस्तक काढले. पुढे १९२८ साली य. न. केळकरांचे ऐतिहासिक पोवाडे आले. त्यात पोवाड्याबरोबर प्रसंगाची, माणसांची, साल-तारखांची माहिती आली. ही मंडळी नसती तर आज तुळशीदासाचा सिंहगड आपल्याला कोठे सापडला असता? गोंधळ्याचा मुलगा पुतळीघरात बदली कामगार झाला की बापाचा पोवाडा बापाबरोबर जातो. मी स्वतः असे किती पोवाडे गेलेले पाहिले आहेत. तेव्हा गाण्याभोवती लिहिलेला शब्द श्रोत्याला निरुपयोगी असे सरसकट म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. ॲकवर्थ-शाळिग्रामांनी किंवा केळकरांनी कोणा श्रोत्याला, तुला हे आवडावे की आवडू नये, असे सांगितले नाही. कोणी रचले, कोणत्या प्रसंगावर, कोणाच्या तोंडून मिळाले, हे सांगितले. ऐकणाऱ्याला समोर बसूनही जे कळू शकत नाही, तेवढे सांगणे हे त्याच्या कामाचे. जे त्याला समोर बसून आपोआप कळते, ते खोटे आहे असे सांगणे हा परीक्षणाचा दुसरा धंदा, आणि तोच अधिक चालला.

तो किती चालला, ते स्वातंत्र्याच्या सुमारास दिसले. तमाशा अश्लील आहे, हे वाक्य सुशिक्षितांच्या लिहिण्यात अर्धशतक फिरत होते. लावणी हातात कशी घ्यावी, चिमट्याने की फुंकर मारून, अशी त्यांची अवस्था. शेवटी ते वाक्य वर्तमानपत्रातून उठले आणि सरकारच्या हुकुमात जाऊन बसले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. हजारो कलावंतांच्या चुली विझल्या, ओरड झाली, तेव्हा दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. मग सुधारणेच्या अटी आल्या, आणि १९५४ पासून संहिता आधी तपासून घेण्याची मंडळाची पद्धत सुरू झाली. गंमत पाहा. त्याच सुमारास, १९४७ साली, ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट लागला आणि पांढरपेशा माणूस बायकामुलांसह जाऊन त्यातल्या लावण्यांना दाद देऊन आला. म्हणजे लावणी पडद्यावर चाले, कापडी कनातीत चालत नसे. पडद्यावरच्या नटीला जात विचारली जात नाही. कनातीतल्या बाईला विचारली जाते. परीक्षणाच्या भाषेत याला अभिरुची म्हणतात.

तमाशा करणारी बहुतेक माणसे महार, मांग, कोल्हाटी समाजातली. संहिता तपासायची म्हटले तर आधी संहिता हवी. आणि वगातली बतावणी तर उभ्या-उभ्या सुचलेली, त्या गावच्या सावकारावर, त्या तालुक्याच्या फौजदारावर. ती कागदावर कशी आणणार? मंडळापुढे सादर झाला तो तमाशा निराळा आणि गावात झाला तो निराळा, असे दोन तमाशे चालू राहिले, हे जुन्या फडकऱ्यांकडून मी ऐकले आहे.

आमच्या चळवळीचा या हुकुमाशी थेट संबंध आला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले. गण, बतावणी, वग हा तमाशाचा सांगाडा घेऊन त्यांनी गिरणगावात गिरणीमालक, दलाल, दुष्काळ यांवर वग केले. त्यांच्यावरही बंदीचा बडगा आला. अण्णाभाऊंनी तमाशाला लोकनाट्य हे नाव देऊन तो पुढे नेला. नाव बदलल्यावर ज्यांना तमाशाची घाण येत होती त्यांनाही लोकनाट्यात कला दिसू लागली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंची मैनेची छक्कड ज्या वेगाने गेली त्या वेगाने कोणतेही अग्रलेख गेले नाहीत. गिरणीच्या एका फाटकावर संध्याकाळी ऐकलेली छक्कड दुसऱ्या दिवशी शेवटच्या पाळीच्या आधी चार फाटकांवर पोहोचलेली असे, असे आबा सांगत. त्यांना ते त्यांच्या जॉबरने सांगितले होते. तिचे परीक्षण वाचून कोणी ती ऐकायला गेले नव्हते. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला.

आता दुसरी बाजू. तमाशात सगळे निर्मळ होते आणि टीका करणारे सारे ढोंगी होते, असे मी म्हणणार असेन तर मी कामगारांचा कार्यकर्ता नव्हे. दौलतजादा हा शब्द ऐकायला खानदानी आहे. नोट दाखवून बाईला जवळ बोलावणे, नोटेसाठी तिचा हात धरणे, हे प्रकार होत, आणि त्याला दाद म्हणता येत नाही. याविरुद्ध ज्यांनी लिहिले त्यांचे मी आभार मानतो. पण त्यांचे बहुतेक लिहिणे गाण्यावर आणि बाईच्या हावभावावर घसरले. फडाच्या बाईला आणि ढोलकीवाल्याला हंगामाची उचल किती मिळते, ती फेडता फेडता पुढच्या हंगामालाही ती त्याच मालकाकडे कशी बांधली जाते, पावसाळ्यात ती काय खाते, हे कोणी लिहिले? ऊसतोडणीच्या उचलीसारखीच ही उचल. मी गेल्या काही वर्षांत तमाशावर आलेली परीक्षणे मुद्दाम जमा केली. नृत्य, शृंगार, नऊवारी, घुंगरांचे वजनसुद्धा सापडले. मजुरीचा आकडा एकदाही सापडला नाही.

विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण सगळ्यांच्या माहितीचे आहे. भाऊ-बापू मांगांच्या घराण्यातली ही बाई. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. नऊ महिने भरलेले असताना बोर्डावर उभी राहिली, कनातीमागे बाळंत झाली आणि पुन्हा लोकांपुढे आली, ही हकीकत प्रत्येक लेखात असते आणि तिच्या हिमतीची वाहवा असते. मला ती हकीकत वाचली की प्रसूती लाभ कायद्यातली बाळंतपणाची रजा आठवते. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले होते. ज्या श्रोत्यांनी रात्र-रात्र त्यांना ऐकले, त्यांना ही ओढाताण वेळेवर कळली असती तर त्यांनी काही केले नसते असे मला वाटत नाही. जत्रेत वर्गणी काढणारी माणसे ती. त्यांना कळवण्याचे काम लिहिणाऱ्यांचे होते.

सगळेच लिहिणारे असे नव्हते. डॉ. अशोक रानडे हे शास्त्रीय संगीतातले पंडित. पण लोकसंगीत, भक्तिसंगीत, कलासंगीत अशा संगीताच्या निरनिराळ्या कोटी आहेत, आणि एका कोटीचा गज दुसरीला लावू नये, हे त्यांनी नीट मांडून दाखवले. वाईच्या यमुनाबाई बसून लावणीची अदा करीत, त्या अदेत एकाच ओळीला किती अर्थ फुटतात, हे माझ्यासारख्याला अशा जाणकारांमुळे कळले. मी यमुनाबाईंची ध्वनिमुद्रिका आधी ऐकली होती आणि मला वाटले होते, बाई सावकाश गातात. वाचल्यावर पुन्हा ऐकली. माझा कान बदलला, आणि तो बदलताना मला कोणी खाली बसवले नाही.

ओवीची तऱ्हा याहून वेगळी, कारण ओवीला समोर श्रोताच नसे. पहाटे जात्यावर दोघी बसत, एक म्हणे, दुसरी उचलून धरी. अंथरुणातले पोर ऐके तेवढेच. गावात पिठाची गिरणी आली आणि ओवीचे कामच संपले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी जन्मभर हे काम केले. नंतर हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या आणि इतर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात प्रत्येक ओवीला म्हणणारीचे नाव आहे, गाव आहे. आमच्या घरच्या बायकांची नावे रेशनकार्डाशिवाय कोठे लिहिलेली मी प्रथम पाहिली ती अशा संग्रहात. ओवी सुंदर आहे की नाही, हे त्या नोंदीत लिहिलेले नसते. कोणी म्हटली, ती कोणाची कोण, हे कळल्यावर ऐकणारी बाई स्वतःच ठरवते, आणि पुष्कळदा रडते.

आबांचा प्रश्न, पुढे बसला का मागे, हा मला आता असा समजतो. पुढच्या रांगेत पासावर बसलेल्याला रंगमंच दिसतो. मागे बसलेल्याला रंगमंच आणि पुढची माणसे, दोन्ही दिसतात. कोणत्या कडव्याला कोणते बाक हलले, हेही दिसते. लोकगीताचे निम्मे गाणे त्या बाकांवर असते. आबांना हे सांगायला मी उशीर केला. ते २००३ साली वारले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडपात बेमुदत धरणे चालू होते. रात्री वेळ जाईना, तेव्हा एक म्हातारा कांडीवाला पोवाडा म्हणू लागला. त्याच्या चुलत्याने त्याला तो शिकवला होता, चुलता गोंधळी. पोरांनी विचारले, हा कोणाचा? त्याला ठाऊक नव्हते. मी दुसऱ्या दिवशी वाचनालयातून पोवाड्यांचा एक जुना संग्रह आणला. शाहिराचे नाव सापडले, लढाईचे सालही सापडले. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हते, म्हणून मी मोठ्याने वाचू लागलो. शाहिराचे नाव त्याने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. मग मधेच एका ठिकाणी त्याने माझा हात धरला. “हितं एक कडवं गेलंय, साहेब,” तो म्हणाला आणि ते कडवे त्याने म्हणून दाखवले. चालीत बसत होते, गोष्टीतही बसत होते. मी शिसपेन्सिलीने ते समासात लिहून घेतले. पुस्तक परत देताना ग्रंथपालांनी ते पान पाहिले. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणे नियमाविरुद्ध आहे, म्हणून त्यांनी दंडाची पावती फाडली. समासातले कडवे मात्र त्यांनी खोडले नाही.